बाबांची बस आणि गावरानी अंडं

मुदतीचा ताप उतरला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. मलाही तसंच वाटलं होतं. पण ताप जाताना माझ्या तोंडाची चव सोबत घेऊन गेला. भाताचा घास तोंडात घेतला की ओला कागद चघळतो आहोत असं वाटायचं. वरणाला वास यायचा, दुधाला वास यायचा, माठातल्या पाण्यालासुद्धा मातीचा असा उग्र वास यायचा की मी पेला दूर सारायचे. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरायचा आणि माय तो मागून सेफ्टीपिनेनं आवळायची. माझं नाव सुजाता. जिनं बुद्धाला खीर खाऊ घातली तिचं नाव बाबांनी हौसेनं ठेवलं होतं, आणि त्याच नावाची पोर आता कोणी कितीही विनवलं तरी घास घेत नव्हती. बाबांना ते फार लागायचं.

अड्याळच्या डॉक्टरांनी उपाय सोपा सांगितला. "रोज अंडं द्या. औषध मी देतोच, पण खरं औषध तेच." ते ऐकून बाबा दुकानातून पांढऱ्या अंड्यांचा अख्खा ट्रे घेऊन आले. त्या काळी आमच्याकडे ही अंडी नवी होती. सगळी एका मापाची, पांढरीफटक. लोक त्यांना 'बॉयलर अंडे' म्हणत. मायनं पहिलं अंडं उकडून, सोलून, मीठ लावून माझ्या हातात दिलं. मी ते नाकाजवळ नेलं आणि मला मासोळीचा वास आला. ताजी मासोळी नव्हे, वाळत घातलेली, पावसात भिजलेली मासोळी. पुढचं सांगत नाही. आमच्या अंगणातल्या तुळशीला ते आठवत असेल.

मग मायनं लपवाछपवी सुरू केली. कणकेत अंडं, बेसनात अंडं, वरणात अंडं. एकदा तर शिऱ्यात. मी पहिल्या घासाला ओळखायचे आणि ताट सरकवायचे. सरकवलेलं ताट जायचं माझ्या धाकट्या भावाकडे, मिलिंदकडे. त्याला कशाचाच वास यायचा नाही. त्या दिवसांत तो असा गुटगुटीत झाला की शेजारच्या बाया त्याच्या गालाला हात लावून मायला विचारत, "ताप मंग कोणाले आला होता वो?"

बाबा बसमध्ये कंडक्टर होते. खाकी कपडे, खांद्यावर चामड्याची थैली, कानावर पेन, आणि स्वभाव असा की नियम म्हणजे नियम. दशरथ नावाचा एक म्हातारा बाजाराला बकरी घेऊन यायचा, तर बाबा त्या बकरीचंही तिकीट फाडायचे. म्हातारा दर वेळी भांडायचा, "अजी, माही बकरी सीटवर बसते का?" बाबा म्हणायचे, "तू तरी कुठं बसते गा? दाराशीच उभा राहाते. तुह्यं फाडलं ना?" सख्खा मामा बसमध्ये चढला तरी त्याला सूट नव्हती. मामानं ते मरेपर्यंत लक्षात ठेवलं.

तर अशा माणसाचा जीव आता अंड्यात अडकला. त्यांचं म्हणणं होतं की दोष पोरीचा नाही, अंड्याचा आहे. रात्री जेवताना ते मायला समजावत, "ज्या कोंबडीनं जमीन पायली नाही, उधई-मुंगळे खाल्ले नाही, उकिरडा उकरला नाही, तिच्या अंड्याले चव येईन कुठून? मी लहान होतो तवा गावरानी अंडं फोडलं की बलक कसा राहे! पळसाच्या फुलावानी." माय ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "बोलून राहिले खरं, पण आणून तं दाखवा."

आणायला ते बाजारात गेले. अड्याळच्या बाजारात एक माणूस टोपलीत कोंड्यावर मांडून तपकिरी अंडी विकत होता. "एकदम गावरानी, जी. घरच्या कोंबडीचे." बाबा खूष. घरी आल्यावर त्यांनी स्वतः चूल पेटवली आणि अंडी उकळत घातली. थोड्या वेळानं माय भांड्यात डोकावली, वाकून वास घेतला आणि सरळ होत म्हणाली, "अजी, साखर टाकू का?"

"अंड्यात साखर?"

"अंड्यात नाई. चहात."

पाण्याला मस्त लालसर रंग चढला होता आणि भांड्यातली अंडी पांढरीफटक झाली होती. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरानी म्हणून विकली होती त्या माणसानं. मिलिंदनं ती सगळी अंडी खाल्ली आणि चांगली होती असं सांगितलं.

आता माझी साठी उलटली आहे. मुलगी नागपूरला असते आणि मोबाइलवरून अंडी मागवते. खोक्यावर हिरव्या गवताचं चित्र असतं, त्यावर एक कोंबडी सुखानं उभी असते. मी गेले की खोकं उघडते आणि आधी अंडं ओल्या बोटानं चोळून पाहते. मुलगी म्हणते, "आई, काय करतेस?" मी म्हणते, काही नाही. सवय आहे.

बाजारात फसल्यावर बाबांनी आपल्या बसलाच कामाला लावलं. त्यांची बस अड्याळवरून निघून नाले, तलाव, जंगलाचा एक पट्टा ओलांडत थेट दिघोरीपर्यंत जायची आणि थोडं थांबून परत फिरायची. प्रत्येक थांब्यावर बाबा दारातून अर्धं अंग बाहेर काढून विचारू लागले, "कोणाकडं गावरानी अंडे आहेत का गा?" लोकांना आधी ती गंमत वाटली. मग पोरगी आजारी आहे हे कळलं आणि गंमत राहिली नाही. बस आली की लोक आपणहून बातमी द्यायचे. कोणाच्या कोंबडीला मुंगसानं नेलं होतं, कोणाची कोंबडी अंडं द्यायची पण कुठं द्यायची ते घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी दशरथनंच नाव सांगितलं. "दिघोरीत सोनाबाईकडं जा. तिच्या कोंबड्या दिवसभर धानाच्या बांधीत चरते. पण ते बाई इकत नाही हं."

खरंच विकत नव्हती. बाबांनी वाटेल ती किंमत देऊ केली. सोनाबाई म्हणाली, "अंडं इकलं तं कोंबडी कुठून येईन जी? मी इकत नाही. पोरगी बिमार आहे म्हंता तं पोरगीले घेऊन या. माह्याच घरी खाईन."

म्हणून एका रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर बाबांनी मला बसमध्ये पहिल्या सीटवर बसवलं. आधी माझं अर्धं तिकीट फाडलं, स्वतःच्या खिशातले पैसे थैलीत टाकले, आणि मग घंटी ओढली. दिघोरीला पोचेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून पडून होते. कापणी होऊन गेली होती. बांध्यांत नुसती धसकटं उभी होती आणि हवेत धानाच्या वाळल्या तणसाचा वास होता. ताप गेल्यापासून तो पहिला वास असेल ज्यानं मला मळमळलं नाही.

सोनाबाई हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिनं मला पाहिलं आणि बाबांवरच ओरडली, "काय जी, पोट्टी आहे का काडी आहे हे? कंडक्टरचे पैसे कुठं जाते मंग?" तिनं मला चुलीजवळ पाटावर बसवलं. चुलीत निखारे होते. दोन अंडी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि गरम राखेत पुरली. मग माझ्याकडे पाहिलंच नाही. तुझ्यासाठी करते आहे, दोन घास तरी खा, बाळा, राणी, असलं काही नाही. आपली कामं करत बसली. तेवढं कोणी मला कित्येक दिवसांत दुर्लक्षिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

राखेतून काढून तिनं अंडी सोलली, पळसाच्या पानावर ठेवली, वर मीठ-तिखट टाकलं आणि पान माझ्यापुढे सरकवून मागच्या दारानं निघून गेली. मी पानाकडे पाहिलं. पांढऱ्या भागावर एका बाजूला भाजल्याचा तपकिरी डाग होता. वास आला तो धुराचा आणि तिखटाचा. मी थोडंसं तोडलं. आत बलक होता, बाबा सांगत तसाच, गर्द केशरी, मधोमध जरासा ओला. जिभेवर ठेवला आणि तो तिथं पसरला. तूप, मीठ, धूर आणि आणखी काहीतरी, ज्याला मला आजही नाव देता येत नाही. मी एक अंडं खाल्लं. दुसरं खाल्लं. मग पानाला चिकटलेलं तिखट बोटानं पुसून चाटलं. वर पाहिलं तर बाबा दारात पाठमोरे उभे होते आणि थैलीतली चिल्लर उगाच खुळखुळवत होते. बराच वेळ ते वळलेच नाहीत.

एवढ्यावर त्या दिवशी संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आम्ही निघणार तोच सोनाबाईच्या जावयाकडचा माणूस सायकल दामटत आला. दिवस भरलेल्या लेकीचं पोट दुखायला लागलं होतं. सोनाबाईनं डोक्याला हात लावला. "आता माह्या कोंबडीले कोण पाहीन? अंड्यावर बसून आहे ते. आजउद्या पिल्लं निंगतीन." मोकळ्या कोंबड्या शेजारीण सांभाळणार होती, पण अंड्यावरच्या कोंबडीची जबाबदारी घ्यायला तयार नव्हती. सोनाबाईची नजर बाबांवर गेली. "तुमी घेऊन जा जी. बटईनं. अर्धे पिल्लं माहे, अर्धे तुमचे. कोंबडी पुन्हा अंडे द्याले लागली का अंडे पोरगीले."

आमच्याकडे शेत बटईनं देतात, बैल देतात. कोंबडी बटईनं दिलेली मी तेवढीच पाहिली. बाबा नाही म्हणूच शकले नाहीत. सोनाबाईनं कोंबडीला अंड्यांसकट मोठ्या टोपलीत बसवलं, वरून जुनं लुगडं बांधलं, आणि ती टोपली बसमध्ये माझ्या मांडीवर आली. गरम होती. लुगड्याखालून कोंबडी रागानं गुरगुरत होती.

बस निम्मी रिकामी होती. मागे चारदोन बाया, मधे काही माणसं, आणि दाराशी नेहमीच्या जागी दशरथ, त्या दिवशी बकरीशिवाय. त्यानं टोपलीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. जंगलाचा पट्टा लागला तेव्हा टोपलीतून एक बारीक आवाज आला. चिव. मी कान लावला. पुन्हा आवाज आला. लुगडं जरा उचलून पाहिलं तर कोंबडीच्या पंखाखालच्या अंड्याला भोक पडलं होतं आणि भोकातून इवलीशी चोच बाहेर येऊन श्वास घेत होती. मी किंचाळले, "बाबा! अंडं फुटून राहिलं!"

सगळी बस माझ्या सीटभोवती गोळा झाली. अंडं तडकत गेलं, दोन तुकडे झाले आणि आतून एक ओलंचिंब, कुरूप, थरथरणारं पिल्लू माझ्या मांडीवर जन्माला आलं. बाया हरखल्या, "अवो माय!" ड्रायव्हर काकांनी बस बाजूला घेऊन थांबवली आणि तेही पाहायला आले. आणि तेवढ्यात समोर चेकर साहेबांची जीप येऊन उभी राहिली.

सगळी माणसं गपकन आपापल्या जागी बसली. बसमध्ये जिवंत जनावर, तेही कंडक्टरच्या पोरीच्या मांडीवर! वर बस रस्त्यात विनाकारण थांबलेली. बाबा पुढे झाले. ते काही बोलणार तोच मागच्या एका बाईनं माझ्या मांडीवरून टोपली उचलली, आपल्या मांडीवर घेतली आणि वरून पदर झाकला. चेकर साहेब चढले. तिकिटं पाहत पाहत तिच्यापाशी आले. पदराखालून आवाज आला, चिव चिव.

"हे काय आहे?"

"लेकरू आहे जी."

"लेकरू असं रडते?"

"सातव्या महिन्यातलं आहे जी. अशक्त आहे."

चिव चिव चिव, आवाज वाढला. आता बहुधा दोघं झाली होती. "जुळे आहेत," शेजारची बाई घाईनं म्हणाली. दशरथला वाटलं आपणही हातभार लावावा. तो छातीवर हात ठेवून जोरात खोकला आणि म्हणाला, "साहेब, तो आवाज माहा आहे. दम लागला का छाती वाजते." आणि त्यानं करून दाखवलं. ते चिव असं नव्हतं, पण त्यानं जीव ओतला होता. नेमकी तेव्हाच कोंबडीनं पदराबाहेर मान काढली आणि चेकर साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

चेकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोंबडी तिथंच होती. "कंडक्टर," ते म्हणाले, "कोणाची आहे?"

"माझी, साहेब."

"जनावर विनातिकीट घेऊन चालले? तुम्ही? तुमची तर ख्याती आहे."

बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला, एक घडी केलेलं तिकीट काढलं आणि पुढे केलं. "तिकीट आहे, साहेब. दिघोरीलेच फाडलं."

बसमध्ये असा गलका झाला की बस्स. सगळ्यात जास्त चिडला तो दशरथ. "आँ? मंग आधी काहून नाही सांगतलं? मी इथं छाती फोडून घेऊन राहिलो!"

"तुमी बोलू देल्लं कुठं गा?" बाबा म्हणाले.

चेकर साहेबांनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यांच्या मिशा हलत होत्या. "हे कोंबडीचं झालं. आणि पिल्लांचं?"

बाबांनी क्षणभर विचार केला. थट्टा त्यांना जमत नसे. ते मनापासून नियम आठवत होते. "साहेब, दिघोरीले ते प्रवासी नव्हते. वाटेत जन्मले. आणि लहान लेकरांचं तिकीट लागत नाही."

चेकर साहेब हसले नाहीत, पण घाईनं खाली उतरले, आणि जीपच्या मागून बराच वेळ त्यांचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला. घरी पोचेपर्यंत आणखी तीन अंडी फुटली, बाकीची रात्रीत. मिलिंदनं त्या कोंबडीचं नाव ठेवलं कंडक्टरीण.

दुसऱ्या दिवशी मी वरणभात मागून खाल्ला. तिसऱ्या दिवशी झिंग्याची चटणी मागितली. तोंडाची चव अशी परतली की माय मोजून वाढायला लागली. पण अंडं समोर आलं आणि मी ताट सारलं. या वेळी कारण वेगळं होतं. माझ्या मांडीवर अंड्यातून जीव निघाला होता. ते आता मी कसं खाणार? बाबा समजावायला बसले, तर मी हात जोडून त्यांनीच शिकवलेलं पहिलं शील, जीव न मारण्याचं, त्यांना ऐकवलं. "पाणातिपाता, बाबा."

पंचशीलावर वाद घालणं बाबांच्या रक्तात नव्हतं. ते मायकडे वळले. माय म्हणाली, "माह्याकडे कायले पाहाता? वंदना तुमी शिकवली." पिल्लं मोठी झाली. कंडक्टरीण पुन्हा अंडी देऊ लागली, खाटेखाली तणसाच्या घरट्यात, रोज एक. सोनाबाईला नातू झाला. ती येऊन आपल्या वाट्याची पिल्लं निवडून घेऊन गेली आणि तिनं नातवाच्या अशा गोष्टी सांगितल्या की कोंबडीची चौकशी राहूनच गेली. बाबा रोज ते अंडं उचलायचे, उजेडात धरून पाहायचे, एक उसासा सोडायचे आणि मिलिंदला द्यायचे. मिलिंद ते माझ्यासमोर बसून, आवाज करत खायचा. गावोगाव फिरून मिळवलेली ती चव दारात येऊन बसली होती आणि तिला खाणारं तोंड धर्माला लागलं होतं.

मग एका सकाळी बाबा अंडं उजेडात धरून चालत असताना उंबऱ्याला ठेच लागली. अंडं अंगणात पडलं आणि फुटलं. केशरी बलक शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला. आम्ही सगळे हळहळलो. कंडक्टरीण मात्र तुरुतुरु आली, मान तिरकी करून पाहिलं आणि टच्च करून चोच मारली. दुसरी चोच. मग तिनं खास आवाज काढून आपल्या वाढत्या पिल्लांना बोलावलं, दाणा सापडला की बोलवायची तसंच, आणि सगळ्या कुटुंबानं मिळून ते अंडं चाटूनपुसून साफ केलं. आईनं स्वतःचं अंडं. पिल्लांनी स्वतःचं भावंड. आणि अंगणात आनंद नुसता.

मी बराच वेळ पाहत राहिले. माझा जो काही करुणाभाव होता त्याला अशी ठेच बसली की काय सांगू. हिच्या पोटच्या पोरांसाठी मी इतके दिवस उपास करते आहे, आणि ही बया! मी रागारागानं आत गेले. "माय, उद्याचं अंडं माहं आहे."

बाबांनी तोंड उघडलं. त्यांना पहिल्या शीलाचं काहीतरी विचारायचं होतं, नियमाचा माणूस तो. मायनं हातातली पळी अशी उचलली की त्यांनी ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी मायनं अंडं राखेत भाजलं. मी खाल्लं. बाबा ड्युटीचे कपडे घालून समोर उभे होते आणि माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, जणू तिथून काही तरी फुटून निघणार आहे. शेवटचा घास गेला आणि कोपऱ्यातून भोकाड पसरल्याचा आवाज आला. मिलिंद. त्याचं अंडं गेलं होतं. कोंबडी एक, अंडं एक आणि तोंडं आता दोन झाली होती. तो असा रडला की शेजारच्या बाया धावत आल्या, याला ताप आला का म्हणून.

बाबांनी थैली खांद्यावर अडकवली, पेन कानावर ठेवलं. दारापर्यंत गेले आणि वळून मायला म्हणाले, "आणखी एक कोंबडी पाहा लागते वाटते."

"पाहा," माय चुलीकडे तोंड करून म्हणाली. "पण पायी आणा."